निगुती या नावाच्या वारसाबाबत

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, विधवा, धंदा फोटोंच्या फ्रेमा आणि आरसे, हा कागद पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि राजीखुशीने करत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणायची या घरात कोणाची छातीही नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणू लागला तर त्याला दारातूनच वाटेला लावावे.

वकीलसाहेबांनी सगळ्यांची पूर्ण नावे वेगळ्या पानावर उतरवून घेतली आहेत. इथे मी माणसांना नात्याने लिहिते, कारण हाकही तशीच मारते. या कागदात नाव असे एकच येईल, आणि त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

१. घर. दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीकडचा जिना हे मुलगा आणि सून या दोघांच्या नावे निम्मे निम्मे करावे. मुलाने तोंड वाकडे करू नये. मी तीस वर्षे त्या दुकानात राबले आणि पाटीवर कायम यजमानांचे नाव राहिले. सुनेच्या बाबतीत तसे होऊ नये एवढेच. जिन्याची तिसरी पायरी हलते. ती आधी दुरुस्त करावी, वाटण्या मग कराव्यात.

२. बँकेतली ठेव दोघांची. बांगड्या सुनेच्या. बांगड्यांवरून कोणी काही बोलेल असे वाटत नाही, पण बोलले तर कलम पाच वाचावे.

३. दुकान आणि हत्यारे मुलाकडे राहतील. पट्ट्यांचे कोपरे तिरके कापायची करवत नवी घ्यावी, जुनीला आता दात उरलेले नाहीत. काच कापायचा हिरा मात्र फुटपट्टीचा. फुटपट्टी म्हणजे आमच्या दुकानातला जुना कारागीर. कानामागे कायम फुटपट्टी खोचलेली असते म्हणून हे नाव पडले. तो आला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होते, आता मिशाही पांढऱ्या झाल्या. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार राहू नये. मला साक्षीदार तोच हवा आहे, म्हणून हिरा आजच त्याच्या हातात दिला आहे. तो नको नको म्हणत होता आणि मूठ घट्ट मिटत होता.

४. आता त्या शब्दाबद्दल लिहिते. हा शब्द आमच्या दुकानात सासऱ्यांपासूनचा. काच उचलताना, टेकवताना, फोटो बसवताना, गिऱ्हाइकाच्या हातात पुडके देताना, "निगुतीनं रे," "निगुतीनं घे." दुसरीकडे लोक सांभाळून म्हणतात. सांभाळून म्हणजे फुटू नये एवढेच. निगुतीने म्हणजे जीव लावून, शेवटच्या खिळ्यापर्यंत, भिंतीकडे जाणारी आणि कुणालाच न दिसणारी पाठसुद्धा नीट करून.

मला सातवा महिना होता तेव्हा एका शाळेसाठी मोठा आरसा करायचा होता. यजमानांनी मला काचेजवळ फिरकू दिले नाही. मी स्टुलावर बसून बघत होते. काम झाल्यावर घाम पुसत म्हणाले, "मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं गं?"

मी म्हटले, "दिवसभर जे घेताय तेच ठेवू की. निगुती."

ते हसले, आणि मग हसायचे थांबले. म्हणाले, "चालेल." नाव ठरले ते एवढ्यातच.

दवाखान्यात जन्माची नोंद करणाऱ्या बाईंचे पेन थबकले. "ताई, हे नाव आहे?" यजमान म्हणाले, "आजपासून आहे." घरी मात्र सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. नणंदबाई म्हणाल्या, "आणि दुसरी झाली की काय ठेवणार? टापटीप?" सगळे हसले, मीही हसले. विनोद चांगला होता, हे मी आजही मान्य करते.

पोर काही नावाला जागली नाही. खळ सांडायची, पुठ्ठे फाडायची, बारीक खिळ्यांच्या डब्यात हात घालून सगळे खिळे फरशीवर ओतायची. दुकानात कोणीही तो शब्द उच्चारला की मान वर करून बघायची, आपल्यालाच बोलावतायत असे तिला वाटायचे. अख्खे दुकान दिवसभर आपले नाव घेते आहे अशा तोऱ्यात ती तिथे वावरली. चार वर्षांची होऊन थोडेच दिवस झाले होते. ताप आला. डॉक्टर म्हणाले उतरेल, आणि उतरला नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही आणि वकिलांनीही विचारू नये.

५. नणंदबाईंना पुढच्या खोलीतला मोठा आरसा द्यावा. त्यांना तो पहिल्यापासून आवडतो, आणि त्यात त्या दिसतातही बऱ्या. त्याच खोलीत, पोर गेल्यावर लोक भेटायला आलेले असताना, त्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "माणसाचं नाव असतं का असलं? नावाचंच ओझं झालं पोरीला." हे मी विसरलेले नाही आणि माफही केलेले नाही. वकील म्हणाले, हे वाक्य काढून टाकू. राहू दे.

मला ते पटले नव्हते. पण न पटलेले वाक्यसुद्धा मनात घर करून बसते. मी देवाला, डॉक्टरला, स्वतःला, सगळ्यांना बोल लावून पाहिले, आणि शेवटी पुन्हा त्याच वाक्यापाशी यायची. दुकानातून तो शब्द दुसऱ्या दिवसापासून नाहीसा झाला. कोणी कोणाला सांगितले नव्हते. सगळे सांभाळून, सांभाळून म्हणू लागले. यजमानांच्या तोंडूनही मी तो पुन्हा कधी ऐकला नाही. पुढे मुलगा झाला, तेव्हा त्याला आम्ही असे नाव ठेवले की वर्गात त्या नावाचे आणखी तिघे होते.

६. दुकानात गल्ल्याशेजारी अगदी खाली एक छोटा आरसा टांगलेला आहे. गिऱ्हाइकांना त्यात स्वतःचे गुडघे दिसतात, आणि ते हसतात. तो यजमानांनी लेकीच्या उंचीला लावला होता, कारण मोठ्या आरशांत तिला फक्त आपले केस दिसायचे आणि ती भोकाड पसरायची. ती गेल्यावर यजमान रोज सकाळी दुकान उघडले की उकिडवे बसून तो पुसायचे. पुढे पुढे उठताना त्यांना गल्ल्याला धरावे लागे. आमच्यात त्यावर एक अक्षरही झाले नाही. हा आरसा कोणालाही द्यायचा नाही, विकायचा नाही आणि वर घ्यायचा नाही.

७. सून लग्न होऊन आली तेव्हा तिने विचारले होते, "आई, हा आरसा एवढा खाली का हो?" मी म्हटले, "आहे तसाच आहे." मग तिने फुटपट्टीला गाठले असणार. आता तिला सहावा महिना आहे. मागच्या महिन्यात आम्ही दोघी कपड्यांच्या घड्या घालत होतो. ती म्हणाली, "आई, एक विचारू? रागावू नका हं. मुलगी झाली तर ते नाव ठेवलं तर चालेल का?"

मी म्हटले, "ते नाव या घरात घ्यायचं नाही."

"बरं आई," ती म्हणाली, आणि हातातली घडी पूर्ण केली, कडेला कड लावून.

मला तिचा राग आला नव्हता. मला भीती वाटली होती. इतकी वर्षे उलटल्यावरही त्या एका वाक्याची भीती वाटली, आणि ती सुनेला सांगायची लाजही वाटली. तिला इथेच सांगते.

दोन दिवसांनी मी खाली दुकानात गेले. नवा कामगार मोठी काच उचलत होता आणि फुटपट्टी त्याला म्हणत होता, "नि..." आणि मध्येच थांबून, "सांभाळून रे, सांभाळून." काच टेकल्यावर मी फुटपट्टीला बाजूला घेतले.

"अजून येतो होय रे तो शब्द तोंडात?"

"यायला गेलाय कुठं, वहिनी. दुकानात गिळतो. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"आणि घरी?"

त्याने कानामागची पट्टी काढली आणि पुन्हा खोचली. "घरी म्हणतो की. बायकोला म्हणतो, पोरांना म्हणत आलो, आता नातवंडांना म्हणतो. दार लावतानासुद्धा म्हणतो. तेवढंच पोरीचं नाव निघतं तोंडातून."

त्याच्या घरात चार पोरे त्या शब्दाखाली वाढली. चारही धडधाकट आहेत, एक तर नको तेवढा जाड आहे. कोणालाही काही झाले नाही. माझ्या लेकीचे नाव त्या घरात रोज होते, आणि आम्ही दोघे नवरा-बायको इथे वर, एकमेकांना जपत, त्या नावावाचून म्हातारे झालो. यजमान तर तसेच गेले. त्या दिवशी मी स्टुलावर बसून रडले आणि गिऱ्हाईक आले तरी उठले नाही.

८. निगुती हे नाव, जे माझ्या मुलीचे होते आणि जे मी आजवर कोणाला घेऊ दिले नाही, ते मी सुनेच्या होणाऱ्या बाळाला बिनशर्त देत आहे. बिनशर्त म्हणजे ती मुलगी पसारा घालणारी निघाली तरी देत आहे. पुढे मोठी होऊन तिने ते बदलले तरी माझी तक्रार नाही. मुलगा झाला तर नाव पुढच्या खेपेसाठी राहू द्यावे, ते नासत नाही. मी नाही म्हटल्यावर सुनेने दुसरे नाव शोधले असेल आणि ते तिला आवडले असेल, तर तेच ठेवावे. मी रुसणार नाही. थोडी रुसेन. त्या पोरीत कोणी माझी लेक शोधू नये. मीही शोधणार नाही, निदान तसा प्रयत्न करीन.

दुकानातही तो शब्द पुन्हा सुरू करावा.

बाकीची कलमे मी गेल्यावर अमलात येतील. हे आठवे कलम मात्र माझी सही होताच लागू व्हावे. वकील म्हणतात, मृत्युपत्रात असे करता येत नाही. नसेल येत. पण मी गेल्यावर कोणी कितीही हाका मारल्या तरी मला काय ऐकू येणार? मला ती हाक जिवंतपणी ऐकायची आहे. जिन्यावरून खाली दुकानात मारलेली, जेवण थंड होतंय म्हणून वैतागून मारतात तशी. एकदा ऐकली तरी पुरे.

(सही)
ठिकाण: दुकानाच्या वरची पुढची खोली
दिनांक: आज, गुरुवार, आकडा वकिलांच्या शिक्क्यात आहे

साक्षीदारांचे म्हणणे: बाईंनी हा कागद आमच्यादेखत ऐकला आणि आमच्यादेखत सही केली. त्या शुद्धीवर होत्या, आवाजही खणखणीत होता. आठवे कलम वाचताना वकीलसाहेबांनी त्यातले नाव हळू आवाजात वाचले, म्हणून बाईंनी ते पुन्हा वाचायला लावले. त्यांनी पुन्हा हळूच वाचले. तेव्हा बाईंनी साक्षीदार क्रमांक एकला सांगितले, "तू म्हण रे." त्याने ते मोठ्याने म्हटले. सूनबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या आणि "काय झालं, आई?" म्हणाल्या. बाई म्हणाल्या, "काही नाही. हाक मारून बघतोय."

साक्षीदार १: (सही) फुटपट्टी, फ्रेम-कारागीर
साक्षीदार २: (सही) शेजारच्या निवृत्त नर्सबाई