फर्गसच्या पाकिटातलं बी

६ जानेवारी, सकाळ
नवी वही. संकल्प तीन. रोज लिहायचं. थोडक्यात लिहायचं. लेन कॅपस्टिकबद्दल काहीही लिहायचं नाही.
काचघरात तापमान उणे चार. फर्गसचं रोप ठीक. हिरवी गादी आता साडेसहा सेंटिमीटर रुंद. मधोमध कळ्या आहेत: भिंगातून अकरा, भिंगाशिवाय एकही नाही. पहिल्यांदाच फुलणार. ५ एप्रिलला पेनरिथच्या डोंगरी रोपांच्या प्रदर्शनात मांडायचं, हे ठरलं. बायकोला, थेल्माला सांगितलं. ती म्हणाली, "आधी नाश्ता कर."

९ जानेवारी
दोन दिवस लिहिलं नाही. 'थोडक्यात' या संकल्पात ते बसतं.
नोंद असावी म्हणून: माझा मित्र फर्गस टिंडल तीन वर्षांपूर्वी पामीरच्या डोंगरांत बी गोळा करायला गेला. ऑगस्टात तिथल्या खोरोग गावातून त्यानं मला एक पाकीट पोस्टानं पाठवलं. वर पेन्सिलीनं लिहिलेलं: 'ड्राबा. नवीच जात वाटते. ४३०० मीटर, घसरणारी खडी. मास्तर, मारू नकोस.' (ड्राबा म्हणजे खडकांत गादीसारखं पसरणारं बुटकं डोंगरी रोप.) त्यानंतर सोळा दिवसांनी दरड कोसळली. त्याच्याबरोबरचे दोघे सापडले. फर्गस सापडला नाही. त्याची बॅग पाठवतो, असं तिथल्या लोकांनी त्याच्या बायकोला, इझबेलला कळवलं होतं. तीही आली नाही. आलं ते एवढं पाकीट, आणि तेही माझ्या नावावर.
बारा बिया होत्या. सगळ्या पेरल्या. वर्षभर काही नाही. चौदाव्या महिन्यात एक अंकुर. त्याच दिवशी इझबेलला फोन केला आणि म्हटलं, "उगवलं." ती रडली. मी बत्तीस वर्षं शाळेत लॅटिन शिकवलं. माझ्या एकशब्दी वाक्याचा असा परिणाम पूर्वी कधी झाला नव्हता.

२ फेब्रुवारी
लेन आला होता. (संकल्प तिसरा तात्पुरता स्थगित.) तीस वर्षं बस चालवली, आणि प्रदर्शनातलं सर्वोत्तम रोप नऊ वेळा त्याचं. कुंडी उजेडात धरून बराच वेळ भिंगातून पाहत राहिला.
"मास्तर, पानांवर केस नाहीत हो. नुसत्या कडेला पापण्या आहेत. एवढ्या उंचीवरची ड्राबा कशी, लोकरीत गुंडाळल्यासारखी पाहिजे."
मी समजावून सांगितलं. आमचं केंडाल समुद्रसपाटीपासून पन्नास मीटर. इथं लोकरीची गरज काय? निवृत्तीनंतर मलाही केसांची गरज राहिली नाही.
"तुमचे होते आणि गेले, मास्तर. हिला आलेच नव्हते."
मत्सर विद्वानांनाही चुकलेला नाही. लेन तर बस चालवायचा.

१४ फेब्रुवारी
इझबेलचा फोन. पुरायला देह नाही म्हणून ती चर्चच्या आवारातल्या भिंतीत काळ्या पाटीच्या दगडाची फरशी बसवून घेते आहे. त्यावर नाव, दोन सालं, आणि खाली हे फूल. "पाथरवट विचारतोय, पाकळ्या किती काढू?"
मी म्हटलं, चार. या बाबतीत मी निःशंक आहे.
मग ती म्हणाली, "क्लेमंट, तू नसतास तर माझ्याकडं त्याचं काहीच उरलं नसतं." मी हवामानाबद्दल बोललो.

१ मार्च
ऊन. कळ्या पिवळ्या दिसू लागल्या. दाराजवळच्या दगडी डोणीत थेल्मानं लावलेली साधी ड्राबाही नेमकी आजच पिवळी झाली. ही ड्राबा या देशात ज्याच्याकडं डोण आहे त्या प्रत्येकाकडं असते. अनभिज्ञ माणसाची गल्लत होऊ शकेल: दोन्ही पिवळ्या, दोन्हींना चार पाकळ्या, दोन्हींची पानं कडेला... असो. डोण दुसरीकडं हलवावी म्हणतो. काचघराच्या दारापासून चार फुटांवर बरी दिसत नाही.
थेल्मा म्हणाली, "पंधरा वर्षं ती तिथंच आहे. दर जूनला तिचं बी उडून तुझ्या काचघरात जातं. झाडू मी मारते, मला विचार."
हे केवळ नोंद म्हणून लिहिलं. महत्त्वाचं नाही.

२ मार्च
डोण हलत नाही. कंबर धरली.

२० मार्च
फुलं दोन आठवडे आधी उमलणार, अशी लक्षणं. लेनच्या पद्धतीनं कुंडी फ्रिजमध्ये ठेवली. (पद्धत जुनीच आहे, लेन फक्त ती वापरतो.) थेल्माचं कस्टर्ड बाहेर काढावं लागलं. "फ्रिजमध्ये घरच्या माणसांनाही थोडी जागा असू दे," म्हणाली. इझबेलचा विषय काढला तेव्हा तिनंच फ्रिजचं दार लावलं. कस्टर्ड आम्ही दोघांनी उभ्या उभ्या संपवलं.

४ एप्रिल
तयारी पूर्ण. बारीक ब्रशनं गादीवरची धूळ झाडली. वरची खडी चिमट्यानं एकेक रचली. कुंडीचा व्यास तीनदा मोजला: अठरा सेंटिमीटर, एकोणीसपर्यंत चालते. ताठ अक्षरात कार्ड लिहिलं: 'ड्राबा, नवी जात. पामीर. बी: कै. फर्गस टिंडल.' फुलं अकरापैकी अकरा. उद्या गाडी ताशी तीस मैलांनी, हीटर बंद. थेल्मा दोन कोट घालणार आहे. इझबेल अकराच्या ट्रेननं परस्पर येईल.

५ एप्रिल, सायंकाळ
शाळेचा हॉल. साठ टेबलं. परीक्षण चालू असताना प्रदर्शकांना बाहेर काढतात, तसं काढलं. पटांगणात चहा. साडेअकराला परीक्षण संपलं आणि परीक्षक मिस ऑर्मरॉडनी मला एकट्याला आत बोलावलं. म्हणजे एकट्यालाच, थेल्मा आपणहून आली. मिस ऑर्मरॉड एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या एकदा नाव सांगतात आणि विषय संपतो.
त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, "मिस्टर ब्रेथवेट, तुमच्याकडं दाराशी एखादी डोण वगैरे आहे का?"
मी म्हटलं, नाही.
थेल्मा स्वतःच्या बुटांकडं पाहत राहिली.
"रोप फार प्रेमानं वाढवलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. "इतकी निगा मी या जातीची कुणी घेतलेली पाहिली नाही. पण ही आपली नेहमीचीच आहे हो. मी कार्डावर शेरा लिहीत नाही. तुम्हीच काढून घ्या."
कार्ड काढून घ्यायला हात घातला, तेवढ्यात हॉल सगळ्यांना खुला झाला आणि दारात इझबेल दिसली. निळा कोट, हातात पाथरवटाचं रेखाटन गुंडाळलेलं. सरळ टेबलाशी आली. कार्ड वाचलं. रेखाटन काखेत धरलं. मग कुंडीजवळ वाकून, मला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, पण मला ऐकू आलं, म्हणाली, "आलास होय."
लेन पलीकडं उभा होता. त्यानं कार्ड पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. म्हणाला, "बाई, हॉलमध्ये एवढं देखणं दुसरं काही नाही." आणि गेला. त्याचं स्वतःचं रोप सर्वोत्तम ठरलं होतं. दहावी वेळ.
इझबेलनं चौदा फोटो घेतले. पाथरवटासाठी.
निष्कर्ष: मिस ऑर्मरॉडची नजर आता पूर्वीची राहिलेली नाही.

८ एप्रिल
शिवाय त्यांनी भिंग खिडकीकडं पाठ करून धरलं होतं.

११ एप्रिल
इझबेलला पत्र लिहिलं. चार पानं. वनस्पतींच्या वर्गीकरणाची अनिश्चितता, परीक्षकांतले जुने मतभेद, उंचीचा पानांवरचा परिणाम. थेल्मानं चष्मा लावून सगळं वाचलं.
"यात 'नाही' हा शब्द कुठं आहे?"
म्हटलं, तो अध्याहृत आहे.
"पाथरवट सोमवारी छिन्नी लावणार आहे, क्लेमंट. दगडावर अध्याहृत काही नसतं."

१२ एप्रिल
फर्गसचं एखादं तरी बी उरलंय का ते पाहायला कुंडी वर्तमानपत्रावर उपडी केली. माती चाळली, मग भिंगाखाली चिमटीचिमटीनं पाहिली. दुपार गेली. बारापैकी एकही बी नाही. तीन वर्षांत कुजून माती झालं असणार. रोप पुन्हा लावलं, पाणी घातलं. त्याचा काही दोष नाही.
चार पानी पत्र फाडलं. उद्या स्वतः जायचं. जमलंच नाही तर परवा.
परवा सोमवार आहे. उद्याच.

१३ एप्रिल, रविवार
गेलो. थेल्मा गाडीतच बसून राहिली. म्हणाली, हे तुझं तू सांग.
रस्ताभर वाक्य जुळवत होतो. शेवटी निघालं ते एवढंच: "इझबेल, ते बी उगवलंच नाही." मग डोण, वारा, काचघराचं दार, सगळं सांगितलं. परीक्षण झाल्यावरही तुझ्यासमोर गप्प बसलो, हेही सांगितलं.
तिनं किटली चालू केली. माझ्याकडं पाठ होती.
"म्हणजे तिकडून काहीच आलं नाही."
"नाही."
"पाथरवटाला फोन करते," कप मांडत म्हणाली. "नुसतं नाव काढ म्हणते."
चहात तिनं दोन चमचे साखर घातली. मी बिनसाखरेचा घेतो, हे तिला तीस वर्षं माहीत आहे. दोन चमचे फर्गस घ्यायचा. तसाच प्यायलो.