खोटा थांबा

आसगाव

प्रिय मनिष,

फोनवर तू "हं, हं" करत दुसरीकडे टाइप करत असतोस ते मला इथवर ऐकू येतं, म्हणून हे पत्र. कागद हातात असला म्हणजे निदान एका वेळी एकच काम करशील.

आपल्या रस्त्याकडच्या धानाच्या बांधीत बांधलेलं तुझं 'स्मृतिगंध' तयार झालं. गावच्या मंडईची जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी उद्घाटन आहे. ज्यांना स्वतःचं नाव आठवत नाही त्यांच्या घराला असलं नाव ठेवायला फार शिकलेला माणूस लागतो, आणि आपल्या घराण्यात तो तूच. गावात ते कोणी उच्चारत नाही. 'भुलक्कडायचं घर' म्हणतात, आणि ते बरोबरच म्हणतात. तू छापून पाठवलेल्या माहितीपत्रकावर पांढऱ्या केसांचं एक गोरं जोडपं बत्तिशी दाखवून हसतंय. पवनी तालुक्यात या वयात एवढे दात शाबूत असलेला एक माणूस दाखव, मी त्याला फुकट ठेवीन.

तुझा तो पुण्याचा सल्लागार अंकुर आठवडाभर राहून गेला. पोरगा गोड आहे. म्हातारं माणूस त्याने फक्त चित्रात पाहिलं असावं. मोठ्या खोलीच्या भिंतीवर त्याने समुद्र रंगवून घेतला, वर नारळाची झाडं. म्हणे, मन शांत होतं. बाबांना दाखवायला नेलं तर ते गोंधळून इकडेतिकडे पाहू लागले. "येवढा मोठा तलाव, पन पाळ कोठी हाय याची? पानी गावात घुसन ना!" दोन रात्री झोपले नाहीत. मी गवंड्याला बोलावून खाली पाळ रंगवून घेतली आणि पाळीवर एक मोहाचं झाड. तेव्हा कुठे गाव वाचलं. अंकुरला फोटो पाठवला तर त्याने अंगठा पाठवला. या लोकांना अंगठ्यापलीकडे काही उमटवता येत नाही.

खोल्या पाहायला लोक येतात, त्यांचं तर विचारूच नकोस. लाखनीचे एक हॉटेलवाले आले होते, आईला बाहेर गाडीतच बसवून. न्हाणीत धरायला दांडा आहे का, फरशी घसरते का, रात्री पाणी कोण देतं, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. पहिला प्रश्न, "गेटाले कुलूप असते ना?" दुसरा, "भेटाले दर महिन्याले यावंच लागते का?" मी म्हटलं, कुलूप आतल्यांसाठी आहे, बाहेरच्यांनी त्याचा फायदा घेतलेला मला चालणार नाही. त्यांना काही ते कळलं नाही. गाडीतून त्यांची आई मात्र मला हात जोडत होती. सरकारी दवाखान्यात जन्म काढला, पण असा नमस्कार मला कधी पचला नाही.

आणि तुझा तो बस थांबा! परदेशातला कुठला व्हिडिओ पाहून तू कळवलंस, की घरी जायचं म्हणून हट्ट धरणाऱ्यांना खोट्या थांब्यावर नेऊन बसवायचं. बस यायची नाही, थोड्या वेळात ती माणसं विसरतील, मग चहाला आत आणायचं. म्हणजे ज्यांना आधीच काही समजत नाही त्यांना आणखी फसवायचं, आणि त्याला उपचार म्हणायचं. अंकुरने हौसेने बाक टाकला, वर पत्रे, आणि लाल अक्षरांची 'लाखांदूर' पाटी. पण शहाण्याने तो कुंपणाच्या बाहेर, ऐन रस्त्याला तोंड करून बसवला. धान कापायला आलेल्या धुरपता आणि तिच्या सोबतिणी दुसऱ्याच दिवशी तिथे बसल्या. लाखांदूरची गाडी दिसताच हात दाखवला, गाडी थांबली. आता रोज थांबते. तू खोटा बांधलास, धुरपताने खरा केला. ती मला म्हणाली, "तुया भावाले सांगजो बाई, लय चांगलं काम केलन." घे, एवढं एकच कौतुक तुझ्या नावावर जमा आहे.

मी सब्बल घेऊन तो थांबा उखडणार होते. बाबांमुळे राहिला.

बाबांचं तुला फोनवर सांगते तेव्हा तू म्हणतोस, "वयाचं आहे, ताई." वयाचंच आहे. मला ते आता नर्सबाई म्हणतात. तीस वर्षं सगळा तालुका तेच म्हणायचा, तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं. त्यांच्या जेवणापासून धोतरापर्यंत सगळं मी करते, आणि नाव तुझं घेतात. हो, राग येतो मला. पुण्यात बसून पडद्यावरून उद्घाटनाचे दोन शब्द बोलणाऱ्याचं नाव!

संध्याकाळ झाली की ते टोपी घालून थांब्यावर जातात. अंकुरच्या पुस्तकात लिहिलंय की अशांना घरी जायचं असतं; बाबांना कुठेच जायचं नसतं. ते आणायला आलेले असतात. तू नागपूरला होस्टेलवर होतास तेव्हा शनिवारच्या बसला ते सायकल घेऊन फाट्यावर उभे राहायचे, आठवतं? तुझी पिशवी हँडलला अडकवून, तुला दांडीवर बसवून आणायचे. आता सायकल नाही, पण एक हात तसाच पुढे धरलेला असतो. गाडी थांबली की उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड पाहतात, मग माझ्यासोबत निमूट परत येतात. कोणाची वाट पाहता विचारलं की सांगायचे, "मनिष येनार हाय." परवा विचारलं तर आधी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "नाव याद नाही येऊन राहिलं, बाई. पन येनार हाय."

म्हणून लिहिते आहे. उद्घाटनाला नको येऊस, तिथे हार घालून घ्यायला पुढारी पुष्कळ आहेत. त्याआधी ये. तुझी ती मोठी गाडी पवनीलाच कुठे तरी ठेव, कारण गाडीतून उतरलास तर बाबा कोणी साहेब समजून उठून तुला नमस्कार करतील. लाखांदूरच्या बसमध्ये बस आणि आपल्या खोट्या थांब्यावर उतर. खांद्याला पिशवी असू दे. ते हात पुढे करतील तेव्हा "राहू द्या बाबा" असलं शहरी काही बोलू नकोस. पिशवी त्यांच्या हातात दे, आणि घरापर्यंत त्यांच्या मागून चाल.

तुझीच, बाबांची नर्सबाई,
रीताताई