जांभयान

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहोत. फोन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकलाय, म्हणून ही शाईची हौस.

आमच्या 'तारायान' मालिकेच्या चाहत्यांना कुठून तरी माझा नंबर मिळाला. या पाचव्या वर्षी मालिका त्यांच्या मनातून उतरली आणि त्यांनी तिचं बारसं केलं: जांभयान! अजून मालिका बघणारे ते 'जांभयात्री'. कुणी रटाळ बोलायला लागलं की 'जांभयानू नकोस' म्हणायचं. सकाळी उठल्यापासून दोन-दोनशे निरोप, आणि प्रत्येकात हा एकच शब्द. परवा बँकेतल्या कारकुनाने माझ्या अर्जावर 'लेखक' वाचलं आणि माझ्या तोंडावर जांभई दिली. मागे रांगेतली माणसं फिदीफिदी हसली.

टीका मी पचवतो गं, पण हे कुणीतरी थुंकलेलं चघळत बसणं आहे. शिसारी येते. ज्याने कुणी हा शब्द काढला, त्याच्या जिभेला काही हाड?

भावोजींची पाठ कशी आहे? भाचीला पापा. या लेखकड्यावर माया असू दे.

तुझा,
बारक्या

११ फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच, मुंगीला शाईत बुडवून सोडल्यासारखं. ह्यांची पाठ बरी आहे. दुखते ती फक्त भांडी घासायच्या वेळी. माझं कवळ्यांचं काम जोरात आहे. या आठवड्यात अकरा जबडे पाठवले. प्लास्टर पार केसात जाऊन बसतं.

लोकांचं इतकं मनाला लावून घेऊ नकोस. पण बहीण म्हणून खरं बोलू? मालिका बिघडलीच आहे रे. चार वर्षं ती कप्तानबाई उल्कांवरून उड्या मारायची, शत्रूच्या नाकावर टिच्चून बोलायची. आता बघावं तर खुर्चीत बसलेली. दिसते तीही एकाच बाजूने. दोन वाक्यं बोलते, मग पाच मिनिटं खिडकीतून तारे. मागच्या भागात तर जेवतानाही डोक्यावर शिरस्त्राण! माणूस जांभई देणार नाही तर काय करेल? तुझी लेखणी एवढी आळशी कधीपासून झाली?

रागावलास तरी जेवून घे. आशीर्वाद आहेतच, कान पिळायचा हक्कही राखून ठेवते.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आता सांगतोच. हे तुझ्यापाशीच ठेव, भावोजींनाही सांगू नकोस.

गेल्या वर्षी, या पाचव्या वर्षाच्या भागांचं चित्रीकरण सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, कप्तानबाईंचं काम करणाऱ्या बाईंच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. ओठ ओघळलेला, डोळा मिटेना, बोलताना लाळ गळायची. निर्मात्याने सरळ सांगितलं, पहिल्याच भागात स्फोटात मारून टाका. घर त्यांच्या एकटीच्या कमाईवर चालतं. मी निर्मात्याशी भांडलो आणि सगळे भाग नव्याने लिहिले. खुर्ची, एक बाजू, तारे, शिरस्त्राण, सगळं त्यासाठी. हळूहळू चेहरा सुधारेल, तोवर सांभाळू असं वाटलं. आजाराची वाच्यता करायची नाही, अशी बाईंनी शपथ घातली होती.

मग चाहत्यांच्या फोनवरच्या गटात कुणीतरी लिहिलं की कप्तानबाईंचा जबडा जांभई देतानाच अडकला का? झालं. वेड्यावाकड्या तोंडाची चित्रं निघाली. सोमवारी त्या औषधाच्या दुकानात उभ्या होत्या. दोन चांगले घोडे झालेले पुरुष त्यांच्यासमोर आळीपाळीने तोंड वाकडं करून आ वासत राहिले. दुकानदारही हसला. बाई औषध तिथेच टाकून घरी गेल्या, त्या आजतागायत दार उघडत नाहीत. मी बाहेर उभा राहून हाका मारल्या. आतून म्हणाल्या, तोंड दाखवायची इच्छा नाही.

मला माणसांचा उबग आलाय. जेवण समोर आलं की ती दोन वासलेली तोंडं आठवतात.

तुझा,
बारक्या

२४ फेब्रुवारी

चि. बारक्यास आशीर्वाद. अजून तुला चालत असतील तर.

तो शब्द माझा आहे.

जबड्याचं वाक्यही माझंच. गटात मी 'दाढ' या नावाने लिहिते. एक दिवस कामाच्या टेबलावर फोन टेकवून मालिका बघत होते. वैतागून प्लास्टरच्या बोटांनीच 'जांभयान' लिहिलं. तासाभरात चारशे जण हसले. दिवसभर मी हवेत होते रे! आयुष्यात माझ्या बोलण्याला एवढी माणसं कधी हसली नव्हती. मग चटक लागली. तू लेखक आहेस हे मला आठवत नव्हतं असं नाही. 'त्याला काय कळतंय' असं वाटलं होतं.

त्याहून घाणेरडी गोष्ट ऐक. वीस वर्षं मी माणसांची तोंडं बघत आले. त्यांच्या ओठाचा डावा कोपरा हलत नाही, हे मला पहिल्याच भागात दिसलं होतं. दिसलं, आणि मी त्याचा विनोद केला. काल आरशासमोर दात घासताना स्वतःच्याच तोंडाकडे बघवेना.

तुझं पत्र वाचून गटात खऱ्या नावाने लिहिलं, की शब्द माझा, मी तो मागे घेते, कुणी वापरू नका. आजाराबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांनी मला फितूर ठरवलं, मी किती पैसे खाल्ले ते विचारलं. शब्द जोरात चालू आहे.

मला बाईंची माफी मागायची आहे. त्यांच्याकडे घेऊन जाशील?

ताई

२० मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

दोन पत्रं लिहिली आणि फाडली. त्यांतली भाषा थोरल्या बहिणीला पाठवण्यासारखी नव्हती.

बाई कामावर आल्या. मी विनवण्या केल्या म्हणून नाही. घरात बसून स्वतःचाच संताप आला म्हणून, असं म्हणाल्या. शेवटच्या भागात शिरस्त्राण काढायचं त्यांनीच ठरवलं. अख्खा चेहरा, समोरून, भरपूर उजेडात. मी लिहिलेली वाक्यं खोडून टाकायला लावली आणि आपल्या मनाने बोलल्या. भाग काल दाखवला. गटातले निम्मे गप्प आहेत, निम्मे अजून चित्रं काढताहेत.

तुझं नाव मी त्यांना सांगितलं. 'जांभयान' ऐकून त्या हसल्या. मालिका खरंच रटाळ झाली होती, म्हणाल्या. ते मलाही कबूल आहे. जबड्याच्या वाक्यावर मात्र हसल्या नाहीत. तुला भेटायची त्यांची इच्छा नाही. मीही आग्रह केला नाही.

त्यांनी एवढंच विचारलं, की पहिली चार वर्षं आवडत होतं, तेव्हा तुझ्या बहिणीने कुठे एक ओळ तरी लिहिली होती का?

चार वर्षं तू मालिका बघत होतीस, हेच मला पाचव्या वर्षी तू नावं ठेवलीस तेव्हा कळलं.

राग गेलेला नाही. फोन सुरू केलाय, पण तू पत्रच लिही. लोभ उरला असेल तर एवढं कर.

बारक्या