'लुक'च्या शेपट्या

प्रिय चिऊ,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी क्लासला निघाले होते, म्हणून तुटक बोलले. रागावू नकोस. गिऱ्हाइकांशी बोलता यावं म्हणून तूच माझ्या मागे लागून मला या इंग्रजीच्या क्लासला घातलंस, आता भोग! पडदे शिवताना मशीनच्या तालावर क्रियापदं घोकत असते. शब्द पाठ होतात गं, त्यांच्या शेपट्या छळतात. 'लुक'ला 'ॲट' लावलं की बघणं, 'फॉर' लावलं की शोधणं, 'आफ्टर' लावलं की सांभाळणं. आपलं कसं, एका 'बघ'वर सगळं भागतं. चित्र बघ, किल्ली कुठे आहे बघ, जरा बाळाकडे बघ.

वर्गात लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना 'वरखाली' म्हणतात आणि तेही खुशाल ओ देतात. 'गिव्ह अप' शिकवलं त्या दिवशी म्हणाले, "बाई, जन्मभर वर म्हणजे वर समजत आलो. हात टेकले की माणूस मटकन खाली बसतो. यात वर काय गेलं?" आमच्या बाई तुझ्याच वयाच्या, त्यांना हसू आवरेना.

मागच्या महिन्यात एका उंच इमारतीत पडदे लावायला गेले. लिफ्टमध्ये माझ्यासोबत एक म्हाताऱ्या बाई होत्या, फक्त इंग्रजी बोलणाऱ्या. मध्येच लिफ्ट बंद पडली. त्या फारच घाबरल्या. मीही घाबरले होते, पण त्यांचा हात धरला. थोड्या वेळानं वरून ओळखीचा आवाज आला, "कोण आहे आत? घाबरू नका!" आमचे वरखालीच! मला इतका धीर आला की मी म्हातारीला ऐटीत सांगितलं, "डोन्ट वरी, ही इज लुकिंग फॉर अस." झालं! तिनं हंबरडाच फोडला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो आपल्याला शोधतोय, म्हणजे आपण कुठे आहोत हेच त्याला ठाऊक नाही, असं मी सांगून बसले होते! "आफ्टर, आफ्टर!" म्हणून मी ओरडले. म्हातारी रडता रडता हसायला लागली.

दार उघडलं तर आम्ही दोन मजल्यांच्या अधेमधे. वरखालींनी आधी तिला अलगद वर घेतलं, मग मला. पडद्यांचं गाठोडंही स्वतःच खांद्यावर टाकलं. म्हातारी मला इंग्रजीत म्हणाली, तुझा नवरा फार चांगला आहे. मला सगळं समजलं, चिऊ. जिना चढताना वरखालींनी विचारलं, "तिची चूक का नाही सुधारलीत?" म्हटलं, "शब्द सापडला नाही." ते दोन पायऱ्या चढले. मग म्हणाले, "मग राहू द्या की तशीच."

तुझे बाबा गेल्यापासून घरात हसायची सवयच मोडली होती. आता हे येतात, चहा पितात, माझं स्पेलिंग चुकवतात आणि मी खळखळून हसते. त्यांनाही घरी गेल्यावर बोलायला कुणी नाही.

काल क्लास सुटल्यावर मी बाईंना हळूच विचारलं, 'मॅरी' या क्रियापदापुढे काय लावायचं, 'विथ' की 'टू'? त्या म्हणाल्या, काहीच नाही, सरळ माणसाचं नाव घ्यायचं. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी मला मिठीच मारली. आम्ही पुढच्या महिन्यात नोंदणी पद्धतीनं लग्न करतोय. पत्र लिहायला बसले ती तुला विचारावं म्हणून. लिहिता लिहिता कळलं, मी विचारत नाहीये, सांगतेय. आणि बोलावतेय. सही करताना माझ्या शेजारी उभी राहशील ना गं?

तुझीच,
आई