पान चारशे बारा

रविवार, २ नोव्हेंबर २०२५
रणवाचक मंडळाची बैठक. वाचनालयाचा मागचा हॉल, सकाळी दहा. अध्यक्ष (मी, सर्वेश सामंत) धरून सहा जण. प्रत्येकाने सध्या कुठलं युद्धपुस्तक चालू आहे ते सांगितलं. मी: आरमाराचा इतिहास, पान ४१२. खूण ६१ वर आहे, पण नकाशे, फोटो आणि सूची आधीच बघून झालीत. ते धरलं तर ४१२ हा नम्र आकडा आहे.

नवा मेंबर: महादू कुबल. वय शहात्तर, नेव्हीतून रिटायर, इंजिनखान्यात होता. हा कादंबरी वाचतोय. तीही दुसऱ्यांदा. युद्धावर कादंबरी! ज्यांना घडलेलं झेपत नाही ते न घडलेलं वाचतात. पान कितवं, विचारलं. म्हणाला, बघूक नाय रे. असली माणसं मंडळ बुडवतात.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाच. रोज पन्नास पानं.

बुधवार, ५ नोव्हेंबर
पान ६१. अलार्म किशोरीने बंद केला. बायको असून शत्रुपक्षाला सामील. संध्याकाळी पुस्तक घेऊन बसलो तर विचारते, वाचतास काय नुसता धरून बसतास? शिवाय हायलायटर संपला. बाजारात फक्त गुलाबी. गुलाबी रंगाने मी युद्ध अधोरेखित करणार नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर
आज कुबलला जागा दाखवली. मी प्रकरण चारबद्दल बोललो. पुस्तकातलं सर्वोत्तम प्रकरण, नाव 'इंजिनखाना'. (नाव अनुक्रमणिकेत आहे.) हल्ला होताच खालची माणसं धावत डेकवर येतात, असं सांगितलं. कुबल म्हणाला, नाय रे सर्वेशा, खालचो माणूस वर येणा नाय, वरची झाकणा बंद करतत. तुम्हाला काय माहीत, असं विचारलं. म्हणाला, एकाहत्तरात मी खाली होतंय.

मी शांतपणे समजावलं की साक्षीदार हा सगळ्यात कच्चा पुरावा. इंजिनखान्यातून समुद्र तरी दिसतो का? सगळे आपापल्या पुस्तकात बघू लागले. पटलं असावं.

मग समदने (जाळ्यांचं दुकान, एरवी माझा माणूस) त्याला पुढे सांगायला लावलं. चाळीस मिनिटं! ना तळटीप, ना संदर्भ. खाली किती उकडायचं, शेजारच्या पोराने कुणाचं नाव घेतलं, असलं काहीतरी. अक्का परुळेकर डोळे पुसत होत्या. बैठकीचा दर्जा घसरतोय.

सोमवार, १० नोव्हेंबर
ग्रंथपाल गौरजाचा फोन. आरमाराचा इतिहास सात महिने माझ्याकडे आहे, तो परत करा, कुबलकाकांनी नंबर लावलाय. उघड घुसखोरी. परत केला. माघार हीसुद्धा चाल असते. म्हातारा पन्नास पानांत मान टाकेल.

रविवार, १६ नोव्हेंबर
कट. दुसरा शब्द नाही.

कुबलने पुस्तक सहा दिवसांत संपवलं म्हणे. वर सगळ्यांसमोर मला विचारतो, सर्वेशा, एक्याऐंशी ते शहाण्णव पानाच नाय आसत, तुका खंय मिळाली? प्रकरण चार अख्खं त्याच पानांत होतं.

म्हणालो, माझ्या प्रतीत होती. गौरजा म्हणाली, प्रत एकच आहे. म्हणालो, मग काकांकडे गेल्यावरच गेली. फाडली असतील. संग्रहाला ठेवतात काही लोक.

गौरजाने पुस्तक उघडून दाखवलं. फाटलेलं काही नव्हतं. छापखान्याची चूक. पासष्ट ते ऐंशी दोनदा आणि पुढे थेट सत्त्याण्णव. समद हसला. कुबल हसला नाही. टोपी घेतली, चपला घातल्या, निघून गेला. चर्चेला पाठ दाखवणारा माणूस आणि म्हणे नेव्हीत होता.

सोमवार, १७ नोव्हेंबर
किशोरीला सगळं आधीच कळलेलं. म्हणाली, म्हाताऱ्या माणसाक सगळ्यांसमोर चोर म्हटलास, आता जावा नि माफी मागा. मी 'चोर' हा शब्द वापरलेला नाही. ते तिला समजावलं. तिने माझ्यासमोरचा बांगडा उचलून आत नेला.

बुधवार, १९ नोव्हेंबर
अध्यक्षपदाचा राजीनामा व्हॉट्सॲपवर टाकला. तीन परिच्छेद, एक शेर. आता धावपळ होईल.

सायं. ६. समदचा अंगठा. फक्त अंगठा. घाबरलेत.

रविवार, २३ नोव्हेंबर
घरी नवीन मंडळ स्थापन. शुद्ध युद्धेतिहास, कादंबरीला बंदी. दहापासून साडेबारापर्यंत वाट बघितली. कोणी नाही. किशोरी बाजाराला म्हणून गेली ती वाचनालयात जाऊन आली. सांगत होती, कुबलकाकाही आले नाहीत. त्यांची वाट बघून लोक घरी गेले. काकांनी सभासदत्वाचं कार्ड पाठवून दिलंय. आता वाचूक येणा नाय, असा निरोप.

म्हणजे मी जिंकलो.

जेवण गेलं नाही. बहुधा ॲसिडिटी.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
दांडीच्या किनाऱ्यावर गेलो होतो. सहज. कुबलचं घर वाटेत लागतं (वाट थोडी वाकडी करावी लागते). म्हातारा पडवीत बसलेला, हातात काही नाही. बस म्हणाला. मी चार मुद्दे पाठ करून नेले होते. पहिला मुद्दा होता, चूक दोन्हीकडून झाली. तोंडातून भलतंच आलं. काका, मी एकसष्टच्या पुढे गेलेलोच नाही.

म्हणाला, माका म्हायत होता. पयल्या दिवसापासून. वाचणारो माणूस पान नंबर सांगत फिरणा नाय.

मग कार्ड परत घ्या, म्हटलं. त्याने मान हलवली. चोर म्हटलंस ता सगळ्यांसमोर. मागे घेशीत ता पण सगळ्यांसमोर.

लेखी देतो म्हटलं. नाय. ग्रुपवर टाकतो म्हटलं. नाय. असल्या हट्टी माणसाशी तह होत नाही. चहा मात्र घेतला.

रविवार, ३० नोव्हेंबर
काकांना वाचनालयात या असा निरोप धाडला होता, आले. सगळ्यांसमोर उभा राहिलो. पानं कुबलकाकांनी फाडली नाहीत, मी ती वाचली नव्हती, मी खोटं बोललो. अर्धं मिनिटही लागलं नाही. काकांनी मान डोलावली आणि चष्मा पुसायला घेतला. गौरजाने त्यांचं कार्ड त्यांच्या खिशात सरकवलं.

कोणीतरी काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. गौरजा वहीत सध्याचं वाचन लिहून घेत पुढे सरकली. माझ्यापाशी आली. काही नाही, म्हणालो. तिने लिहिलं, 'सामंत: काही नाही', आणि शेजारच्याला विचारलं. शेजारी किशोरी (आज सोबत आली होती). तीन आठवड्यांपासून काकांची ती कादंबरी वाचतेय म्हणे, माझ्याच घरात! वीस मिनिटं बोलली. चांगलं बोलली.

निघताना गौरजाला बाजूला घेऊन विचारलं, माझा राजीनामा मंजूर केलात की कसं? ती गोंधळली. कसला राजीनामा, काका?

अध्यक्षपदाचा, म्हटलं.

मंडळाला अध्यक्ष आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. समदलाही नाही; ते तीन परिच्छेद कोणी वाचलेच नव्हते, अंगठा त्याने सवयीने दिला होता. त्यांना वाटायचं, मी खुर्च्या लावायला लवकर येतो. पुढच्या रविवारी साडेनऊला या म्हणाली. तुमच्यासारख्या सरळ ओळीत कोणाला लावता येत नाहीत.