नाकासमोर चालणारा माणूस

३ ऑगस्ट
मी पडलो नाही. बसल्या बसल्या जिना जरा लवकर उतरलो, एवढंच. शेवटची पायरीच चुकीच्या जागी बांधलीय. बायको म्हणाली, डोळे आहेत की बटणं? मुलीने फर्मान काढलं, फिजिओकडची चालण्याची टेस्ट पास होईपर्यंत नातीला बागेत न्यायचं नाही. हे मला! अर्ध्या गावाला ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याला! संध्याकाळी नात बूट घालून दारात उभी होती. बूट काढायला लावले तेव्हा रडली. मीही आत जाऊन नाक शिंकरलं. सर्दी झालीय बहुतेक.

५ ऑगस्ट, सकाळ
फिजिओवाल्या मॅडमनी कॅमेऱ्याचा चष्मा चढवला. जमिनीवर स्पंजचे ठोकळे. ओलांडत जायचं. पोरखेळ.

५ ऑगस्ट, दुपार
नापास. मॅडमच्या मते पाऊल टेकायच्या आधीच माझी नजर पुढच्या ठोकळ्यावर पळते. वय झालं आणि पडायची धास्ती बसली की असं होतं म्हणे. पाऊल टेकेपर्यंत तिथेच बघा म्हणाल्या. मी समजावलं, ड्रायव्हर स्वतःच्या चाकाकडे बघत नाही, लांब बघतो. समजावता समजावता त्यांच्या पायावर पाय पडला. त्यांनीही पाय नको तिथे ठेवला होता.

९ ऑगस्ट
नजरेचा व्यायाम. आरशासमोर मान ताठ, बुबुळं खालीवर. बायको म्हणते, खिडकीतून मला बघून कुरिअरवाला पार्सल न देताच पळाला.

१२ ऑगस्ट
युक्ती सापडली. ट्रकवर असताना रिव्हर्स घ्यायचो तसं. क्लीनर ओरडतो, ड्रायव्हर निवांत. बायकोने मागून 'पायरी, पायरी' ओरडायचं, मी समोर बघायचं. अर्धा जिना झकास उतरलो. मग तिला कुकर आठवला आणि ती गेली. क्लीनरच उतरला तर ड्रायव्हर काय करणार? पडलो नाही. कठड्याला मिठी मारली.

१९ ऑगस्ट
उद्या पुन्हा टेस्ट. ठोकळ्यांच्या जागा तोंडपाठ केल्यात. बघायची गरजच नाही.

२० ऑगस्ट
मॅडमनी ठोकळे हलवले होते. सरळ सरळ फसवणूक! सपशेल आडवा झालो. स्पंज मात्र चांगल्या प्रतीचा आहे. चष्म्यातला व्हिडिओ मुलीने पाहिला. पायाखाली एकदाही नजर नाही. सगळा वेळ दारावर, कारण काचेपलीकडून नात हात हलवत होती. मग माझ्या चपला उचलून पायाशी आणून ठेवल्या. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

२१ ऑगस्ट, संध्याकाळ
बागेची परवानगी मिळाली! म्हटलं होतं ना, अनुभवापुढे मशीनचं काही चालत नाही. नात दर पायरीवर थांबायची, स्वतःच्या पावलाकडे बघायची, मग माझ्या पावलाकडे, मग म्हणायची, हं. मुलांना हौस असते, करू दिलं. फाटकाशी शेजारीणबाईंनी विचारलं, काय आजोबा, नातीला फिरवायला आणलंत? नात म्हणाली, नाही, मीच आजोबांना आणलंय, आईने सांगितलंय हात अजिबात सोडायचा नाही.

मी सवयीने लांब बघत राहिलो. नातीने हात ओढला, म्हणाली, आजोबा, खड्डा.

खाली बघितलं.