रंगवलेला फौजदार

लॉस एंजेलिस
४ फेब्रुवारी १९७३

ती. देल्फिनाताईस,
अंपारोचा शि. सा. न. वि. वि.

माउलीच्या कृपेने इकडे सर्व खुशाल. आमच्या रोसेन्दोंना टीव्हीवरच्या त्या गुप्तहेरांच्या मालिकेत काम मिळालं, पण गावभर सांगत सुटू नकोस. मेक्सिकन फौजदाराची भूमिका यांनाच द्यायची ठरलेली. मग साहेब म्हणाले, तुम्ही फार उजळ, इंग्रजीही फार स्वच्छ. म्हणून एका निळ्या डोळ्यांच्या गोऱ्याला तपकिरी रंग फासलाय, आणि आमचे हे त्याला मेक्सिकनासारखं अडखळायला शिकवतात! डबा द्यायला गेले तेव्हा त्या गोऱ्याची कॉलर बघितली, रंगाने नुसती माखलेली. शिसारी आली गं. मी म्हटलं, घरी बसा. तर म्हणे, पुढे मलाही भूमिका देतील.

बाबांना सांग, यांचं नाव अगदी शेवटी येतं.

तुझ्या मायेची भुकेली,
अंपारो


फ्रेस्नो
१९ फेब्रुवारी १९७३

चि. अंपारोस अनेक आशीर्वाद.

बाबांनी केशकर्तनालय लवकर बंद करून गिऱ्हाइकांनाही घरी आणलं, जावयाचं नाव बघायला. मी घेवडा शिजवला, मक्याच्या रोट्या केल्या. तो रंगवलेला बोलायला लागला आणि माझा डाव हवेतच राहिला. प्रत्येक वाक्याआधी 'तुमच्या परवानगीने'. अवघड शब्दाआधी दातांतून ओढलेला श्वास. चुकलं की आपणच आधी हसायचं. अगं, ते आपले बाबा! गिऱ्हाइकांतला म्हातारा हॅलोरन पोट धरून हसला, म्हणाला की नासार्यो, हा तर तूच. बाबाही हसले. पुढे जावयाचं नाव आलं, ते कुणी वाचलंच नाही.

तेव्हापासून दुकानात बाबा तोंड उघडत नाहीत. दिवसभर नुसती कात्री वाजते. गिऱ्हाइकं मात्र 'परवानगीने' म्हणत दार ढकलतात, मेली. तुझ्या नवऱ्याला विचार, हे कुठून उचललं?

तुझी ताई,
देल्फिना


लॉस एंजेलिस
२६ फेब्रुवारी १९७३

ती. ताईस सा. न.

विचारलं. म्हणाले, माझा जन्म इथला, तो हेल मला येत नाही; अस्सल असा एकच माणूस ठाऊक. प्रेमानेच केलं म्हणे! प्रेमाने कुणी सासऱ्याची जीभ विकतं का? वर साहेबांना ते इतकं आवडलं, की पुढच्या भागात फौजदार जेवणाआधीची प्रार्थना म्हणणार. बाबांची प्रार्थना, त्या रंगाच्या तोंडून! मी सांगितलं, ती शिकवलीत तर माझ्या हातचं पाणीसुद्धा मिळणार नाही. मग मुलांपुरतंच रांधलं. अखेर काम सोडलं यांनी. शनिवारी माफी मागायला तिकडे येताहेत. बाबांकडे माझ्यासाठी शब्द टाक.

तुझीच,
अंपारो


फ्रेस्नो
४ मार्च १९७३

चि. अंपारोस आशीर्वाद.

रोसेन्दो आले. गुडघे टेकून बाबांचा हात कपाळाला लावला, काम सोडल्याचं सांगितलं. बाबांनी मान डोलावली. त्यांना खुर्चीत बसवून केस कापले, मानेवरचे बारीक केस झटकले, मला वाढायची खूण केली. जेवताना हात जोडले, ओठ हलले, पण आवाज नाही. मीठ बोटाने मागितलं. तुझा नवरा ताटावर रडला गं. बाबांनी स्वतःचा रुमाल पुढे केला.

मोटार कोपऱ्यावरून वळली तेव्हा बाबांनी मला विचारलं, गेला का. मी हो म्हटलं. मग पुन्हा रिकाम्या ताटाशी बसून त्यांनी प्रार्थना मोठ्याने म्हटली.

पोरांना माझे पापे दे.

तुझी ताई,
देल्फिना